वाड्यात ऑफिस थाटण्याआधी: धाबं, चुना आणि ओझ्याचा हिशेब

लॉकडाऊननंतर खानदेशातल्या बऱ्याच बंद वाड्यांची कुलुपं उघडली. पुण्याच्या कंपनीचं काम चाळीसगावात किंवा शहाद्यात बसून होतं, हे लोकांना कळलं. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढणाऱ्यांना रेकॉर्डिंगला जागा हवी झाली, डिझाईन आणि एडिटिंग करणाऱ्या पोरांना एकत्र बसायला टेबलं हवी झाली. आजोबांचा वाडा पडूनच होता. मग गावात तीन सल्ले मिळायला लागतात. गवंडी म्हणतो, भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घ्या, शंभर वर्षं चिंता नको. ठेकेदार म्हणतो, धाबं (मातीचं सपाट छप्पर) उतरवा, स्लॅब टाका. काका म्हणतात, पाडा आणि गाळे काढा. तिघांचंही थोडं थोडं पटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जुन्या इमारतीचं अंग तेच ठेवून तिला नवं काम देणं, याला वास्तुविशारद ‘अनुकूल पुनर्वापर’ म्हणतात. शब्द एकदा सांगितला, आता बाजूला ठेवू. प्रश्न साधा आहे: घर म्हणून बांधलेल्या वाड्यात दहा-पंधरा माणसं, तितकेच कॉम्प्युटर, दोन कूलर, एक एसी आणि संडास-बाथरूमची जोडी आली, तर वाड्याचं काय होतं? ओझ्याची वाट बदलते, पाण्याची वाट बदलते आणि हवेचीही. यांतली पहिली दोन सांभाळली नाहीत तर भिंतीवरची वारली चित्रं आणि पिवळे दिवे काही कामाचे नाहीत.

वाडा उभा कशावर आहे?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला अचानक भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. कापसाच्या पैशावर आणि सातपुड्याच्या सागावर त्या काळात नि पुढच्या दशकांत इकडे बरेच वाडे उठले. त्यांची रचना ठरलेली: दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हात-दीड हातावर कड्या (आडवी बारीक लाकडं), कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचं धाबं. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. वाडा किती मोठा, हे आजही जुनी माणसं खणांतच सांगतात.

इथं एक गोष्ट आधी शोधावी लागते. ओझं खांबांवर आहे की भिंतींवर? बऱ्याच वाड्यांत खांब भिंतीच्या आत गाडलेले असतात, आणि दोन-अडीच फुटांची पांढऱ्या मातीची भिंत नुसती आडोशाला असते. काही ठिकाणी मात्र मागच्या बाजूला पैसे वाचवून तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या सापडतात. एकाच वाड्यात दोन्ही प्रकार निघतात, म्हणून पुढचं बघून मागचं गृहीत धरता येत नाही. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथला गिलावा वीतभर खरवडला की उलगडा होतो. हे कळेपर्यंत ‘हॉल मोठा करायला’ एकही भिंत काढू नये.

जिनिंग-प्रेसिंगची जुनी शेडं आणि कापसाची गोदामं हा वेगळा मामला. तिथं उंच पत्रा, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी किंवा लाकडी कैच्या आणि मोकळी जमीन असते. ओझ्याची चिंता कमी, उन्हाची जास्त. या लेखात मुख्यतः धाब्याच्या वाड्याबद्दल बोलू, कारण चुका तिथं महागात पडतात.

धाब्यावर कापसाच्या किती गाठी?

धाब्याची खारी माती हा हुशारीचा माल आहे. तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण पावसात सुटे होऊन बारीक भोकांत जाऊन बसतात आणि थर आपोआप मिटतो. म्हणून साध्या काळ्या मातीचं धाबं गळतं, खारीचं टिकतं. पण पाऊस थोडी माती वाहूनही नेतो, म्हणून दर मृगाआधी वर नवा थर टाकायची रीत. जितकी वाहते त्याहून जास्त पडते, आणि पन्नास वर्षांत एक फुटाचं धाबं दीड फुटाचं होतं.

हिशेब करून बघा. दाबलेल्या कोरड्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो. म्हणजे एक फूट (३० सेंटिमीटर) जाडीच्या धाब्याचं ओझं चौरस मीटरला ४८० किलो. कापसाची एक गाठ १७० किलोची धरली तर दर चौरस मीटरवर जवळजवळ तीन गाठी. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर ३४ गाठी झाल्या. धाबं दीड फुटाचं झालं असेल तर ५१. आणि हे कोरडं असताना. पावसात भिजलं की आणखी पाचवा हिस्सा धरा.

आता ऑफिसचं ओझं. भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, ऑफिससाठी २५०, आणि कागदपत्रांचा साठा त्याच खोलीत असेल तर ४००. पुस्तकांच्या मांडण्यांना ६०० किंवा त्याहून जास्त. म्हणजे आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीवर ऑफिसचं ओझं ३,००० किलो. आणि धाब्यावर साचलेली जास्तीची अर्धा फूट माती? २,८८० किलो.

आकडे पुन्हा वाचा. वर्षानुवर्षं साचलेली फालतू माती उतरवली की जवळपास एका ऑफिसइतकं ओझं खांबांवरून आणि पायावरून कमी होतं. मात्र माडीवर माणसं बसवायची असतील तर माडीच्या कड्यांनी ते २५० किलो स्वतः पेलले पाहिजेत. धाबं हलकं झाल्याचा त्यांना उपयोग नाही. तो हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरने कडीची जाडी, लांबी आणि अंतर मोजूनच करायचा. पुस्तकांची कपाटं, प्रिंटर आणि बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवल्या तर त्याचंही काम सोपं होतं.

माती उतरवायची कशी?

जेसीबी लावून नाही. आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेही नाही. एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली झाली की हलकी बाजू उचलते, भरलेली दबते, आणि शतकभर एकाच ओझ्याची सवय झालेले सांधे करकरायला लागतात. मधल्या खणापासून दोन्ही बाजूंना सारखं, चार-चार इंचांचे थर काढत जायचं. त्याआधी खालून प्रत्येक तुळईच्या मध्याला टेकू द्यायचा, टेकूखाली फळी ठेवायची म्हणजे तो जमिनीत रुतत नाही. काढलेली माती धाब्यावर ढीग करून ठेवायची नाही. ही चूक इतक्या वेळा होते की वेगळी सांगावी लागते.

माती निघाली की फळ्या उघड्या पडतात. कुजक्या बदलायच्या. त्यावर पुन्हा काय घालायचं याचे दोन मार्ग आहेत. पहिला, खारी माती परत, पण मोजून वीतभर जाडीची, आणि दरवर्षी राखण करायला माणूस असेल तरच. दुसरा, चुना आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा, सरासरी चार इंच जाडीचा. त्याचं ओझं चौरस मीटरला साधारण १८० किलो. उतार साठ इंचांना एक इंच, पन्हाळीकडे. कोबा लाकडी थापीने कित्येक दिवस ठोकायचा असतो, थापी उसळून परत येईपर्यंत. मजूर दोन दिवसांत ‘झालं’ म्हणतात तेव्हा तो झालेला नसतो.

पन्हाळी लहान ठेवू नका. भिंतीपासून निदान दीड फूट पुढे आलेली हवी, नाहीतर धाब्याचं सगळं पाणी त्याच भिंतीच्या पायात जातं. पालापाचोळ्याने एक पन्हाळ तुंबली तर पाण्याला दुसरी वाट असावी, म्हणून दर उताराला दोन.

वर पत्र्याचं छप्पर टाकायची पद्धत खानदेशात सगळीकडे दिसते आणि ती वाईट नाही. सावलीही मिळते, पाऊसही अडतो. दोन अटी. पत्र्याचे पाईप खांबांच्या डोक्यावर यायला हवेत, भिंतीवर नाही. आणि पत्रा खाली घट्ट बांधलेला हवा. मे महिन्यातलं वादळ रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करतं, तेच पत्र्याच्या पोटात शिरून त्याला वर उचलतं. पत्रा आणि धाब्यामध्ये हात-दीड हात मोकळी फट ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाते.

सिमेंटने नेमकं काय बिघडतं?

माठाला बाहेरून ऑइलपेंट मारला तर पाणी गार होईल का? होणार नाही, कारण माठ गार करतो तो पाझरून. मातीची भिंतही तशीच. जमिनीतून, पावसातून, माणसांच्या श्वासातून तिच्यात ओल येते आणि पृष्ठभागातून उडून जाते. चुन्याचा गिलावा ही ओल जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो.

कोंडलेली ओल गिलाव्याच्या मागे वर चढते. तिच्याबरोबर क्षार येतात, सुकताना त्यांचे खडे होतात आणि ते खडे भिंतीचा पृष्ठभाग आतून फोडतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. बाहेरून सिमेंट टणक दिसतं, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत ताटाएवढा पोपडा मातीचा थर घेऊनच गळून पडतो. मग मालक म्हणतो, मातीची भिंतच कमजोर होती. भिंत कमजोर नव्हती, तिचा श्वास बंद केला होता. प्लास्टिक इमल्शन, टेक्स्चर पेंट आणि ‘वॉटरप्रूफ’ पुट्टीची गोष्ट वेगळी नाही.

दुसरं कारण ताठरपणाचं. लाकूड आणि माती ऋतूप्रमाणे थोडी हलतात. चुना त्यांच्याबरोबर हलतो, बारीक चीर पडली तर ओल आणि हवा मिळून ती काही प्रमाणात स्वतःच भरून येते. सिमेंट हलत नाही, तडकतं.

चुन्याचं काम करायचं तर धीर लागतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे नसतील तर त्या दिवशी कामच सुरू करू नका. विझलेला चुना चाळून, वर पाण्याचा थर राहील असा निदान तीन आठवडे मुरवायचा. तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो. गिलाव्यासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, आणि दोन भाग धुतलेली वाळू, हे सुरुवातीचं प्रमाण. आधी हातभर जागेवर नमुना करा. पंधरा दिवसांत चिरा पडल्या तर वाळू वाढवा, हाताला पावडर लागली तर चुना कमी आहे. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात, पण ‘जास्त तितकं चांगलं’ हे इथं खोटं. गूळ वाढला की गिलावा दिवसेंदिवस ओलसर राहतो आणि बुरशी धरतो.

एका वेळचा थर आठ-दहा मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्यावर गोणपाट ओलं करून आठ-दहा दिवस ठेवायचं. मेच्या उन्हात चुन्याचा गिलावा करूच नये. वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि सोलून निघतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगड होतो, त्याची खोली महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. घाई कुणाचीही असो, त्याची नसते.

भिंतीचा पाय ओला का राहतो?

बहुतेक वेळा उत्तर वाड्याबाहेर असतं. दर दहा वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, जुना कुणी काढत नाही. एकेकाळी रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या उंच असलेला ओटा आज रस्त्याच्या बरोबरीने येतो, आणि गटाराचं पाणी जोत्याच्या दगडांतून थेट मातीत शिरतं. उपाय स्वस्त आहे: भिंतीलगत फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर, त्यात खडी, आणि चरीला बाहेर जायला उतार. पाया उघडा पडेल इतकं खोल मात्र खणायचं नाही.

आतून, ओल जिथवर चढली आहे त्याच्या वर तीन फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढायचा. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत भिंतीत जातात. मग साधा, कमकुवत चुन्याचा गिलावा. त्याने क्षार स्वतःत ओढून घ्यायचे आणि दोन-तीन वर्षांत खराब व्हायचं, हेच त्याचं काम. तो खराब झाला म्हणून गवंड्याला दोष देऊ नये, काढून नवा करावा.

आणि काळी जमीन विसरू नका. तापीकाठची काळी कापसाची माती भिजली की फुगते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीजवळ पाईप गळत असेल तर तेवढाच कोपरा फुगतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून नवे संडास, बाथरूम आणि पॅन्ट्री परसात, मूळ भिंतीला न टेकता, वेगळ्या पायावर. पाण्याचे सगळे पाईप भिंतीवरून उघडे न्यायचे. दिसायला बरे नाहीत, पण गळती पहिल्या दिवशी दिसते.

चीर चालू आहे की थांबलेली, हे बघायची जुनी युक्ती अजूनही चालते. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना गिलाव्याने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर चीर वाढतेय. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, मगच निष्कर्ष काढा. भिंत बाहेर झुकली आहे का, ते ओळंबा सोडून दर महिन्याला मोजून लिहून ठेवा.

लाकूड चांगलं की खराब, ओळखायचं कसं?

जुन्या सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. खराब होतात ती तीन ठिकाणं: भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं, जमिनीलगतचा खांबाचा पाय, आणि मधल्या काळात कुणीतरी आंबा-निंबाच्या लाकडाने केलेली दुरुस्ती. हातोडीने ठोका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर दाभण खुपसून बघा. अर्धा इंच सहज आत गेलं तर तेवढा भाग गेला.

संपूर्ण तुळई बदलायची गरज क्वचित लागते. कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आरपार बोल्टने आवळतात. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा सोडायची, कारण मूळ टोक हवा न मिळाल्यानेच कुजलं होतं. पाडलेल्या वाड्यांचा साग शहरातल्या जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतो. तो नव्या सागापेक्षा सुकलेला असतो आणि वाकत नाही. खिळे मात्र चुंबकाने शोधून काढा, नाहीतर सुताराची करवत जाईल आणि दिवसाची मजुरीही.

ऑइलपेंटचे थर काढायला पॉलिश पेपरचं मशीन फिरवू नये, कोरीव काम सपाट होतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ मास्कशिवाय नको.

पंचेचाळीस अंशांत इथं बसणार कोण?

वाड्याची दोन फुटी भिंत दिवसभराचं ऊन पिते आणि ते आत पोचायला दहा-बारा तास घेते. दुपारी दोनला जळगावात रस्ता वितळत असताना माजघर गार लागतं ते यामुळे. रात्री ती उष्णता आत येते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. ऑफिस रात्री बंद असतं, म्हणजे खिडक्याही बंद, आणि भिंतीला गार व्हायची संधीच मिळत नाही. चार-पाच दिवसांत सगळा वाडा भट्टी होतो आणि लोक म्हणतात, ‘एसी लागणारच’. उपाय: खिडक्यांना जाळी आणि गज लावून रात्रभर उघड्या ठेवणं, आणि वरच्या सवण्यात (छपरातल्या हवेच्या भोकात) किंवा झरोक्यात टायमरवरचा एक्झॉस्ट पंखा. संध्याकाळी आठ ते सकाळी सात चालवा, नऊला दारं-खिडक्या मिटा.

चौकावर पारदर्शक पत्रा टाकायचा मोह सगळ्यांना होतो. फोटो सुंदर येतो. पण चौक ही वाड्याची धुराडी आहे, गरम हवा तिथून वर जाते. तिच्यावर झाकण ठेवलं की दुपारी अकरानंतर तिथं कुणी उभं राहत नाही. सावली हवी असेल तर सरकणारं कापड किंवा शेडनेट, भिंतीच्या माथ्यापासून फूटभर वर.

खानदेशचा उन्हाळा कोरडा, म्हणून जूनपर्यंत कूलर फार छान चालतो. पण तोच कूलर खिडकीत लटकवला की रोज थेंब थेंब पाणी भिंतीत मुरतं. लोखंडी स्टँडवर, ओट्यावर किंवा चौकात ठेवा, खाली तसराळं आणि निचऱ्याचा पाईप. कॅमेरे, लेन्स आणि कागद ज्या खोलीत असतील तिथं कूलरची हवा नको. एसी लावायचाच तर एका लहान, दार-खिडक्या घट्ट बसवलेल्या खोलीत, आणि त्याचं पाणी पाईपने थेट गटारात.

कुठल्या खोलीत काय बसवायचं?

माजघर अंधारं असतं म्हणून लोक तिथं ट्यूबलाईटचा मारा करतात. उलट व्हिडिओ एडिटिंग आणि रंगकामाला अंधारी खोलीच लागते. ते माजघर त्यांना द्या. ड्रॉईंग आणि शिवणकाम माडीवर, खिडक्यांजवळ. देवडीत बसायची जागा, ओसरीवर बैठका. धान्याच्या कोठीला जाड भिंती आणि एकच लहान दार असतं, तिच्यासारखी रेकॉर्डिंगची खोली शहरात विकत मिळत नाही. तिथला आवाज दाराच्या फटीतून गळतो, म्हणून दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी आणि उंबरा तसाच ठेवा. भिंतीवर फोम चिकटवण्याऐवजी जाड गोधड्या लाकडी चौकटीवर ताणून भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. गूंज मारायला त्या पुरतात आणि भिंतीला हवा मिळत राहते.

इंटरनेट: देवडीतला राऊटर माजघरात पोचणार नाही, मातीच्या दोन भिंती वाय-फायला पुरून उरतात. प्रत्येक खोलीत कॅट-६ केबल आणि तिथं छोटा अॅक्सेस पॉइंट.

वीज आणि आग

लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग एक इंचही ठेवू नका. नवी वायर भिंतीत झिरी मारून नाही, तर लोखंडी किंवा चांगल्या पीव्हीसी नळीतून भिंतीवरून, क्लिप लाकडात किंवा विटेच्या सांध्यात. बारा माणसांचा साधारण हिशेब: कॉम्प्युटर दोन किलोवॅट, दिवे-पंखे एक, दोन कूलर अर्धा, दीड टनी एसी दीड. म्हणजे पाच किलोवॅट. घरगुती मीटरवर धंदा चालत नाही, महावितरणकडे व्यावसायिक जोडणी मागावी लागते. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवा, आणि अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून दूर घ्या, कारण त्यात पाणी ओतावं लागतं.

‘लाकडाचा वाडा म्हणजे पेटलाच’ हे अर्धं खरं. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होत जाते, साधारण मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर, आणि आतला गाभा बराच वेळ टिकतो. धोका पातळ आणि नव्या वस्तूंचा: फॉल्स सीलिंग, फोम, बांबूची सजावट, पडदे. मुंबईत जुन्या गिरणीच्या जागेत उभ्या राहिलेल्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ला आग लागली आणि १४ माणसं गेली. तिथं गच्चीवर बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा होता. वाड्याला बहुधा एकच मोठं दार असतं. परसातलं दुसरं दार मोकळं हवं, बाहेरच्या दिशेने उघडणारं, आणि त्यासमोर स्कूटर लावायची नाही.

‘त्यापेक्षा स्लॅबच टाकला तर?’

ठेकेदाराचा एक मुद्दा खरा आहे, तो मान्य करू. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो, म्हणजे एक फुटी धाब्यापेक्षा कमी. मग अडचण कुठं? मातीच्या भिंतीचा माथा सपाट नसतो. ताठ स्लॅब दोन-चार उंचवट्यांवरच टेकतो आणि तिथली माती चुरते. धाबं वाकून जुळवून घेतं, स्लॅबला ते जमत नाही. शिवाय उघडा स्लॅब मेमध्ये तव्यासारखा तापतो. स्लॅब हवाच असेल तर त्याच्यासाठी वेगळे आरसीसी खांब आणि वेगळा पाया लागतो, आणि मग वाडा नुसता सजावटीचा उरतो. निवड तुमची, पण तिला दुरुस्ती म्हणू नका.

‘भूकंपात मातीचीच घरं पडतात ना?’

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत पडली ती बहुतेक जाड दगड-मातीची, आणि त्यांत दगडांचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. वर मातीचं ओझं होतं. तापी-नर्मदेच्या पट्ट्यालाही धक्के नवे नाहीत, म्हणून ही शंका रास्त आहे. उपाय वर आलेच आहेत: धाबं हलकं करणं, खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी बांधणं. त्यात एक भर घाला: दगडी भिंतीत दर चौरस मीटरला एक आरपार दगड, आणि भिंतींचे कोपरे एकमेकांना लाकडी किंवा लोखंडी पट्ट्याने जखडणं. भिंत पोट काढून फुगली असेल तर ती आधी उतरवून पुन्हा रचायची. तिला रंग देऊन लपवू नये.

कागदपत्रं

वाडा आजोबांच्या नावावर आणि वारस अकरा, हीच गोष्ट सगळीकडे. सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घेतल्याशिवाय एक वीटही हलवू नये. शहरात मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. भाड्याने घेत असाल तर करार नोंदणीकृतच, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा, मुदत संपल्यावर तो कसा वळता करायचा, हे त्यात लिहा. वापर बदलतोय म्हणून नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी लागते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, तिथून पुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. दुरुस्तीलाही ती विचारावी लागते.

काम कुठल्या महिन्यात?

पाहणी भर पावसात करा. गळती कुठं आहे हे उन्हाळ्यात कळत नाही. सप्टेंबरात चुना मुरत घाला. दिवाळी झाली की टेकू, लाकूड आणि धाबं. डिसेंबर ते फेब्रुवारी गिलावा, तोवर हवा गार असते. मार्चमध्ये वायरिंग आणि परसातली पाण्याची कामं. शंभर रुपयांतले निदान पन्नास धाबं, निचरा आणि लाकडावर गेले पाहिजेत. टेबल-खुर्च्यांचं कोटेशन आधी आलं असेल तर ते बाजूला ठेवा. सगळा वाडा एकदम घेऊ नका. पुढच्या दोन खणांत सहा माणसं बसवा, पहिला पावसाळा काढा, आणि पहिल्या जोरदार सरीला टॉर्च घेऊन माडीवर जा. कडीवर जिथं ओला डाग दिसेल तिथं खडूने खूण करून तारीख लिहा. उरलेल्या खणांचं काम त्या खुणांवरून ठरवायचं.